बंद पेटीतला आवाज

शेवटचा शिकंजा सैल करून तिनं पेटी दोन्ही हातांनी उचलली आणि आत काहीतरी खडखडलं. पेटी बंद होती. बंद म्हणजे कुलूप लावलेली नव्हे, झाकण मिटलेलीही नव्हे. तिला अजून झाकणच नव्हतं. चार बाजू, तळ आणि माथा, सगळं सरसानं चिकटवून गुरुवारी दुपारी शिकंज्यांत आवळून ठेवलेला तो एक सलग ठोकळा होता, विटेपेक्षा थोडा मोठा, आणि आतल्या पोकळीत वारा शिरायचीसुद्धा सोय नव्हती. चार महिन्यांपूर्वीपर्यंत तिला वाटायचं, पेटी आधी उघडी असते आणि मग तिच्यावर झाकण येतं. आत्याच्या कारखान्यात सगळं उलटं. इथं आधी पेटी पुरती बंद करायची आणि मग माथ्यापासून दोन बोटं खाली रेघ मारून करवतीनं चारी बाजूंनी कापत यायचं. वरचा जो तुकडा सुटतो ते झाकण. म्हणून आत्याच्या पेट्यांवर झाकणातली लाकडाची लहर खाली पेटीत उतरताना कुठं अडखळत नाही. ऐकायला छान होतं, बघायला त्याहून छान होतं, फक्त आत्यानं एक गोष्ट सांगितली नव्हती, की बाई गं, बंद करण्यापूर्वी एकदा आत बघून घे.

तिनं पेटी डावीकडे कलती केली. आत काहीतरी घरंगळत गेलं आणि भिंतीला टेकलं. खट्. उजवीकडे. पुन्हा खट्.

“काय गं,” पलीकडच्या बाकावरून आत्या म्हणाली. तिच्या हातात खुर्चीचा पाय होता आणि नजर त्याच्यावरून हलली नव्हती. “दागिन्यांची पेटी करणार होतीस ना? की वाजवायची करायचं ठरलं मध्येच?”

“आत काहीतरी राहिलंय.”

“ते कळलं मला. काय?”

“काय माहीत!”

“सरसाचा खडा असेल वाळलेला. नाहीतर ढलपी. कापल्यावर कळेल.” आत्यानं पाय खाली ठेवला आणि एप्रनवरचा भुसा झटकला. “मी तेल घेऊन येते. आपलं संपलंय, आणि कापल्या कापल्या पहिला हात द्यायचाय. चारला येतेय ना तुझी ताई? तोवर रेघ मारून ठेव. करवतीला हात लावायचा नाही. रीत माहितेय ना?”

“माहितेय.”

“आणि पेन्सिल घे माझी. तुझ्या कानावर आज दिसत नाहीये. कानावर ठेवली म्हणजे कानावर राहते, असं नसतं.”

खरंच की. तिचा हात सवयीनं उजव्या कानामागे गेला तर तिथं पेन्सिल नव्हती. बोटं तशीच रिकामी खाली घसरली, कानाच्या पाळीवर आली, पाळीच्या बारीकशा भोकावर थांबली. आणि त्या क्षणी पेटीत काय आहे ते तिला कळलं. इतकं लख्ख कळलं, की दार लोटून बाहेर पडणाऱ्या आत्याला ‘लवकर ये’ म्हणायचंही राहून गेलं.

गुरुवारी सकाळी आरशासमोर तिनं ताईची कानातली घातली होती. सोन्याची, बारीक, पानाच्या आकाराची. ताईनं पहिल्या पगारातून स्वतःची स्वतः घेतलेली, आणि म्हणून घरात सगळ्या दागिन्यांपेक्षा त्यांचा तोरा जास्त. विचारून घेतली असती तर ताईनं दिलीही असती कदाचित. पण विचारलं असतं तर ‘कशाला’ असा प्रश्न आला असता आणि त्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. म्हणजे होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. दुपारी शाळेच्या सभागृहात चारशे मुलांसमोर उभं राहून बोलायचं होतं. विषय होता ‘घड्याळं नसती तर’. आणि गेल्या वर्षापर्यंत हजेरीला ‘उपस्थित’ म्हणतानाही जिचा घसा कोरडा पडायचा, त्या मुलीला वाटलं होतं, की कानात काहीतरी चमकणारं असलं तर लोक कानाकडे बघतील आणि तोंड मोकळं राहील. झालंही तसंच! ती बोलली. नुसती बोलली नाही, हसवलं तिनं. मुख्याध्यापकांच्या मनगटाकडे बोट दाखवून “सर, तुम्ही आत्ता तिकडे बघितलंत ना, तेच म्हणतेय मी” असं म्हणाली, आणि अख्खं सभागृह हशानं फुटलं. मान हलवली की गालाला ते पान हलकेच शिवायचं, गार, नखाएवढं, आणि प्रत्येक वेळी तिला वाटायचं, हं, चाललंय, बोल. पहिला नंबर. प्रमाणपत्र दप्तरात कोंबून ती शाळेतून धावत सुटली ती थेट कारखान्यात. त्या दिवशी ती काहीही चिकटवू शकली असती, आकाश आणि जमीनसुद्धा. पेटीच्या चार बाजू तिनं एकटीनं जुळवल्या, काटकोन तपासला, खाली तळ बसवला, आत वाकून वाकून कोपऱ्यातला जास्तीचा सरस पुसला, माथा ठेवला, शिकंजे आवळले. आत्या नुसती कमरेवर हात ठेवून बघत होती. घरी येऊन तोंड धुताना आरशात पाहिलं तर डाव्या कानात पान होतं आणि उजवा कान रिकामा. फिरकी घट्ट केली नव्हती. सकाळी घाई होती. तिची घाई कधी नसते?

उरलेलं एक पान तिनं गुपचूप ताईच्या खणात ठेवून दिलं. एक. आता ह्याला काय म्हणायचं? दोन्ही हरवली असती तर चोरी झाली म्हणता आलं असतं, दोन्ही असती तर काही झालंच नसतं. एकटं पान खणात ठेवणं म्हणजे पुरावा स्वतःच्या हातानं नेऊन ठेवणं. तरी ठेवलं. रविवारी संध्याकाळी ताई दुसऱ्या शहरात नव्या नोकरीवर जाणार होती, बॅगा उघड्याच होत्या, आणि शुक्रवारी सकाळी खणाशी वाकलेल्या ताईचा आवाज आला, “आई, माझं एक कानातलं कुठंय?” मग सगळं घर पालथं झालं. गादी उचलली, कपाट पुढं ओढलं, आईनं मोरीच्या जाळीत बॅटरी मारली. तीही शोधत होती. हे आठवलं की आत्ता इथं, कारखान्यात, एकटी उभी असताना तिचे कान तापले. ती पलंगाखाली पोटावर सरपटत गेली होती, धूळ नाकात जाऊन तीनदा शिंकली होती, “इथं नाहीये हं ताई” असं आतून ओरडली होती. आणि ताईनं सरळ विचारलं तेव्हा, “तू नाही ना घेतलंस?”, तिनं डोळे मोठे करून म्हटलं होतं, “मी? मी कशाला घेऊ?” काय सफाईनं आलं होतं ते! ना घसा कोरडा, ना आवाज कापला. सभागृहात मिळालेला आवाजच तो. नवा कोरा. चोवीस तासही झाले नव्हते आणि तिनं तो असा वापरला.

पण आता सापडलं होतं. तिनं पेटी पुन्हा हलवली. खट्. गोड आवाज! धातूचाच. काडीसारख्या नाजूक वस्तूचा, टोकदार. वाकून सरस पुसताना सुटून पडलं असणार, दुसरं काय. आधी तिला हसू फुटलं, मग त्या हसण्याच्या मागोमाग आत्याची रीत आठवली आणि हसू जागच्या जागी वाळलं.

आत्याची रीत अशी, की शेवटचा काप पेटी ज्याची त्याच्यासमोर. गिऱ्हाइकानं माथ्यावर हात ठेवून झाकण धरायचं, आत्यानं करवत चालवायची, आणि सुटलेलं झाकण पहिल्यांदा उचलायचं ते गिऱ्हाइकानं. आत्याचं म्हणणं, हे दोन्ही एकच होतं हे माणसानं एकदा बघितलं, की तो झाकण कधी आपटत नाही. म्हणजे चार वाजता ताई ह्या बाकाशी उभी राहणार, झाकण उचलणार आणि आत बघणार. मग? ‘अगं, हे इथं कसं?’ ह्या प्रश्नाला तिनं उभ्याउभ्या सहा उत्तरं तयार केली. ताई इथं कधी आलीच नव्हती, म्हणून पहिली तीन बाद. कावळ्याचं उत्तर विनोदी होतं. पाचवं आत्यावर जात होतं. सहावं काय होतं ते ती विसरली.

तिनं काटकोनाचा गुण्या लावला आणि आत्याच्या पेन्सिलीनं चारी बाजूंनी रेघ मारली. रेघ लाटांवरून गेली. हे अक्रोडाचं लाकूड एका मोडीत काढलेल्या पलंगाच्या उशाकडच्या फळीचं. आत्यानं ते भंगारवाल्याकडून आणलं तेव्हा त्यावर काळपट पॉलिशचा इतका थर होता, की ते लाकूड आहे की डांबर, कळत नव्हतं. रंध्याचा पहिला हात तिनंच मारला होता. साल निघाली आणि खाली लाटा दिसल्या. खऱ्याखुऱ्या लाटा! पाण्यावर वारा धावल्यासारख्या, एकीमागून एक, फळी हलवली की उजळणाऱ्या आणि विझणाऱ्या. तिनं हात फिरवून पाहिला होता, कारण डोळ्यांना ते उंचसखल दिसत होतं, आणि हाताला मात्र सपाट, काचेसारखं लागत होतं. त्याच दिवशी तिनं जाहीर करून टाकलं, की ही पेटी ताईसाठी, आणि ह्या लाटा पेटीभोवती सबंध फिरल्या पाहिजेत, कुठंही न तुटता. आत्या म्हणाली, “तीन कोपरे जुळतात. चौथा नाही जुळत कधी. फळी संपते ना तिथं. मागच्या बाजूला घ्यायचा तो आणि गप्प बसायचं.” “का पण?” “का पण काय? फळी गोल असते का?” मग आठवडाभर ती कागदाच्या पट्ट्या कापत बसली, भूगोलाच्या तासालासुद्धा, आणि आत्याला शेवटी दया आली. तिनं दाखवलं, की फळी जाडीतून चिरायची, पुस्तक उघडावं तशी उघडायची, म्हणजे आतली दोन पानं एकमेकांची आरशातली रूपं होतात, एका पानाची लाट जिथं संपते तिथंच दुसऱ्याची सुरू होते. चौथा कोपरासुद्धा जुळतो. “हे मला येत नव्हतं असं नाही,” आत्या म्हणाली. “पण एवढ्यासाठी एवढी मेहनत करणारं गिऱ्हाईक आलं नव्हतं.” दुसऱ्या पानावर कापायची खूण मात्र उलट्या बाजूनं घ्यावी लागते. तिनं ती सुलट घेतली होती. करवत टेकवणार इतक्यात आत्यानं मनगट धरलं नसतं तर लांब बाजूच्या जागी आखूड आली असती आणि पेटी नव्हे, शंकरपाळ्याच्या आकाराचं काहीतरी झालं असतं.

माथ्यासाठी निराळं लाकूड, फिकट, मधाच्या रंगाचं, त्यावर पाखरांच्या डोळ्यांसारखे बारीक गोल ठिपके. ते डोळे आता तिच्याकडे बघत होते. चाळीस-पन्नास डोळे. बघा, बघा, म्हणाली ती त्यांना.

भिंतीवर करवत होती. बारीक दातांची, पाठीला पितळी पट्टी असलेली. सव्वातीन झाले होते. आत्याला यायला निदान वीस मिनिटं. कापून टाकलं तर? झाकण काढायचं, पान खिशात, घरी जाऊन कपाटामागे टाकायचं आणि संध्याकाळी आपणच ओरडायचं, ‘सापडलं, सापडलं!’ ताई मिठी मारेल. आत्या रागावेल, रीत मोडली म्हणून, पण ‘मला राहवलंच नाही गं’ म्हटलं की झालं. तिनं करवत काढली. पेटी पायांच्या मध्ये नव्हे, नीट शिकंज्यात धरली. पातं मागच्या बाजूच्या रेघेवर टेकवलं. एक हात मारला. दोन. लाकडावर केसाएवढी चीर उमटली आणि अक्रोडाचा तो कडसर, गोडसर वास वर आला.

आणि ती थांबली. थांबली ती काही पाप लागेल म्हणून नव्हे. तिच्या डोक्यात आईचा आवाज आला, अगदी स्वयंपाकघरातून येतो तसा, “राहवलं नाही? तिला कधी राहवलंय?” घरात तिचं नाव अर्धी. गिटार तीन तारांवर सोडलेली, स्वेटर एका बाहीचा, पोहण्याचा क्लास पाण्यात उतरायच्या आदल्या दिवशी बंद. अर्धीनं घाई केली, अर्धीनं कापून टाकलं, अर्धीच ती. सगळ्यांना पटलं असतं! कुणी एक प्रश्न विचारला नसता. तेच तिला झोंबलं. खोटं पकडलं जाईल ह्याची भीती तिला वाटत होती ती वाटतच होती, पण ते इतकं सहज खपून जाईल, ह्याचा तिला संताप आला. चार महिने ती इथं आली होती, रोज, पावणेतीनच्या ठोक्याला. चौथा कोपरा जुळला होता. ही पेटी बनवणारी मुलगी आणि ‘राहवलं नाही गं’ म्हणणारी मुलगी, दोघी एकाच अंगाच्या कशा असतील?

तिनं करवत भिंतीला लावली. मग बाकावर चढून बसली आणि पाय हलवत वाक्य तयार करू लागली. सभागृहात जाण्यापूर्वी केलं होतं तसं. फरक एवढाच, की आज कानात काही नव्हतं. बघू, म्हणाली ती. पानाशिवाय बोलता येतं का बघू. शिवाय शेवटी पान हातात येणारच आहे. ‘मी घेतलं, मी हरवलं, मी खोटं बोलले, आणि हे घे.’ ‘हे घे’वर वाक्य संपणार होतं, म्हणून ते तिला आवडलं.

आत्या आणि ताई एकदमच आल्या, दारातच गाठ पडली असावी. ताईच्या केसांत प्रवासाआधीची घाई होती. “बापरे,” ती म्हणाली, “किती भुसा! आत्या, तुम्ही श्वास कसा घेता?”

“नाकानं,” आत्या म्हणाली. “चप्पल राहू दे. ये इकडे.”

ताईनं पेटी पाहिली. पाहिली आणि हात पुढं केला, मग मागं घेतला, मग पुन्हा पुढं केला आणि लाटांवरून फिरवला, पहिल्या दिवशी तिनं स्वतः फिरवला होता अगदी तसाच. एका कोपऱ्यावरून दुसऱ्या, तिसऱ्या. चौथ्याशी बोट थांबलं. “हे कुठं सुरू होतं?”

“कुठंच नाही,” ती म्हणाली. आणि हा तिच्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा क्षण असायला हरकत नव्हती.

“अर्धे, हे तू केलंस?”

“पूर्ण,” आत्या ताईला म्हणाली. “मी फक्त ओरडले. चल, माथ्यावर हात ठेव. दोन्ही.” आणि करवत धाकटीकडे धरून, “आज तू चालव.” मग मागच्या बाजूला आत्याची नजर गेली. तिनं ती चीर पाहिली. भुवई वर गेली, एवढंच.

“थांब,” ती म्हणाली. “ताई, आधी ऐक. आत तुझं कानातलं आहे. मी घेतलं होतं. गुरुवारी, न विचारता, भाषणाला. फिरकी नीट लावली नाही आणि ते पडलं आत, चिकटवताना. आणि तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले. पलंगाखाली पण खोटंच शोधत होते. आणि मघाशी मी कापणार होते, तू यायच्या आधी. दोन हात मारले. ते बघ.” आवाज कापला. घसा कोरडा पडला. शब्द मात्र एकही मागे राहिला नाही.

ताईचे हात माथ्यावर तसेच होते. मग म्हणाली, “काप.”

हे ‘काप’ रागाचं होतं की नव्हतं, ते शोधत तिनं करवत चालवली. पहिली बाजू. दुसरी. भुसा ताईच्या बोटांवर सांडत होता. तिसरी. चौथीच्या शेवटी आत्यानं खालून आधार दिला, करवतीचा आवाज पोकळ झाला आणि झाकण सुटलं. ताईनं ते उचललं. तिघी वाकल्या.

आत पेन्सिल होती. तिचीच. बोटाएवढी उरलेली, मागचं टोक चावलेलं.

मग आत्याच्या नाकातून आवाज आला, तो तिनं खोकल्यात घालवायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही. “मला तर लाकडाचाच आवाज आला होता,” ती डोळे पुसत म्हणाली. “धातू कुठं ऐकलास तू, बये?”

तिला हसू येत नव्हतं. वाक्य ‘हे घे’वर संपणार होतं आणि हातात चावलेली पेन्सिल होती. आता सांगून तर झालं होतं; परत घेता येत नव्हतं. “ताई,” ती म्हणाली, “मला खरंच वाटलं की...” पुढं काही सुचलं नाही. घड्याळं नसती तर, ह्यावर ती पाच मिनिटं बोलली होती.

“म्हणजे ते गेलं,” ताई म्हणाली. तिनं झाकण बाकावर ठेवलं. आपटलं नाही. “मी काल धुणंवाल्या मावशींना विचारलं. दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे कसं बघितलं माहितेय?”

हे तिला माहीत नव्हतं. “मी सांगते त्यांना,” ती म्हणाली. “आजच. घरी जाऊन सांगते.”

“सांगशीलच. मी येणारे बरोबर.” ताईनं पर्स उघडली, आतलं पाकीट काढलं, त्यातली कागदाची पुडी. “सोनाराला दाखवायला घेतलं होतं, दुसरं करून मिळतं का म्हणून.” तिनं पुडी उलगडली आणि पान पेटीत ठेवलं. एकटंच. मग झाकण वर बसवलं, आणि लाटा, करवतीनं खाल्लेली केसभर जागा सोडून, एकमेकींत मिसळल्या. त्या केसभर जागेत लाट किंचित उडी मारत होती. ताईला ती दिसली नसावी. तिला दिसली.

ताईनं पेटी उचलली, कानाशी नेली आणि हलवली.

टिण्ण. बारीक, स्वच्छ, दूरवर जाणारा आवाज. खट् कुठं आणि हे कुठं! असा असतो होय धातू, तिच्या मनात आलं. आणि दुपारभर आपण काय ऐकत होतो?

“ही मी घेऊन जातेय,” ताई म्हणाली. “अशीच. वाजू दे. दुसरं सापडलं की तू स्वतः घेऊन यायचंस. पोस्टानं नाही. तू.”

“आणि नाही सापडलं तर?”

“तरी यायचंस.” एवढं म्हणून ताईनं शेवटी तिच्या डोक्यावर टपली मारली, जरा जोरातच, आणि केसांतून भुसा उडाला.

आत्या मागच्या खोलीत गेली होती. ती परत आली तेव्हा तिच्या एका हातात तेलाची बाटली होती, दुसऱ्यात चाळणी. चाळणी तिनं तिच्यासमोर धरली आणि कोपऱ्याकडे हनुवटी उडवली. तिथं गुरुवारपासूनच्या भुशाची तीन पोती भिंतीला टेकून उभी होती, तोंडं बांधलेली, गच्च.

“मावशींकडे आधी जाऊन ये,” आत्या म्हणाली. “मग हे. संपेपर्यंत.”

“संपेपर्यंत,” ती म्हणाली. सापडलेली पेन्सिल तिनं कानामागे खोचली, ती नीट बसली की नाही ते बोटानं दाबून पाहिलं, आणि ताईच्या मागोमाग दाराबाहेर पडली.